एकतीस पाटल्या

"एवढ्या तर माझ्या लग्नातबी नव्हत्या," प्रयागामावशी पुटपुटली. "आन् त्या काचेच्या तरी होत्या. ह्या बेड्या कोपरापतूर चढवायच्या, आन् वर म्हणायचं, मावशी, हात हलवू नका."

जयमालाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सोळावी पाटली तिच्या डाव्या मनगटावरून वर सरकवली. उजव्या हातात पंधरा आधीच होत्या. बारा वाजायला सात मिनिटं होती. दोन्ही हात असे अडकल्यावर मावशीला चहाचा कप धरता येईना, म्हणून जयमालाने बशीत चहा ओतला, फुंकला आणि तिच्या तोंडाशी धरला. दर सोमवारी हे असंच चालायचं.

बार्शीहून वैरागला जाताना डाव्या हाताला 'समई महिला मसाला संस्था' लागते. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये एकतीस बायका काळा मसाला करतात. मालक कोणी नाही, सगळ्या सभासद. जयमाला त्यांची सचिव, वय सत्तेचाळीस. प्रयागामावशी साठी ओलांडलेली, पण संस्थेच्या मसाल्याची चव तिच्या बोटांत होती असं सगळ्या मानत.

पाटलीचं सरकारी नाव 'श्वेतपेशी गणक'. चपटी, रुंद, वर सोन्याचा मुलामा दिलेली. बायकांना आवडावी म्हणून मुलामा दिला होता, त्यामुळे बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं पाटली असं नाव ठेवलं. श्वासकायदा आल्यापासून जिथे धूळ उडते अशा प्रत्येक शेडमध्ये, मसाल्याच्या, पिठाच्या, कापसाच्या, प्रत्येक कामगाराच्या नावाची एकेक पाटली होती. सोमवारी बारा ते साडेबारा ती घालायची. ती मनगटाच्या पातळ कातडीतून निळा प्रकाश आत सोडायची. रक्तात पांढऱ्या पेशींची बरीच घराणी असतात. त्यातल्या एका घराण्याच्या पेशींच्या पोटात दाणे असतात आणि त्या प्रकाशात ते दाणे आपोआप चमकतात. पाटली ते चमकते ठिपके मोजून आकडा जिल्ह्याला पाठवायची. सुई नाही, रक्त नाही.

या पेशींना डॉक्टर इओसिनोफिल म्हणतात. प्रयोगशाळेत रंगवल्यावर त्या गुलाबी दिसतात, म्हणून आरोग्य खात्याकडून प्रशिक्षण द्यायला आलेल्या डॉ. रुबीना मुलाणींनी त्यांना 'गुलाबी पेशी' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. तेव्हा त्यांनी समजावलं होतं की या पेशी मुळात जंतांशी लढायला नेमलेल्या आहेत. पण कधीकधी शरीर साध्या धुळीलाच शत्रू समजतं आणि त्यांना बोलावून घेतं. त्या फौजेसारख्या येतात. शत्रू सापडला नाही की रिकाम्या बसत नाहीत, फुफ्फुसाच्या नळ्यांच्या अस्तरावरच हत्यार चालवतात. थेंबाच्या पन्नासाव्या हिश्श्यात त्या पाचशेपर्यंत असल्या तर पाटली हिरवी, त्यावर पिवळी. पंधराशेच्या वर गेल्या तर पाटली लाल होते.

समईत पहिल्या वर्षी एकाच बाईची पाटली लाल झाली होती, कालिंदाची. तिला तीन आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली. ती परत आली, पुन्हा लाल झाली, आणि तिची विश्रांती कायमची झाली. काम गेलं ते गेलंच, पण गावात तिच्या छातीबद्दल कुजबूज सुरू झाली आणि ठरत आलेलं मुलीचं लग्न लांबलं. बाकीच्यांनी त्यातून एकच धडा घेतला: आकडा वाढला की बाई घरी.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मावशीचा आकडा कधीच शंभरावर जात नाही. ऐंशी, सत्तर, कधी पंच्याऐंशी. पुढच्या सोमवारी दोघींनी आपापल्या पाटल्या गुपचूप तिच्या हातात चढवल्या. महिन्याभरात एकतीसच्या एकतीस पाटल्या तिच्या हातात आल्या. पाटली नाव ओळखायची, मनगट ओळखायची नाही. जिल्ह्याच्या संगणकाला दर सोमवारी एकतीस बायकांचा आकडा तंतोतंत एकच दिसायचा. संगणकाला त्याचं नवल वाटलं नाही, गुणवत्ता वाटली.

आणि बायकांना खरंच काही झालेलं नव्हतं, असं बायकांचं म्हणणं होतं. खोकला होता, पण मसाल्याच्या शेडमध्ये खोकणार नाही अशी बाई कुठे सापडते? त्याला त्या ठसका म्हणत. जिना चढताना मध्येच थांबायला लागलं तरी ठसका. पहाटे छातीत शिट्टी वाजली तरी ठसकाच. मिरचीवर ढकललं की कुणाला वाईट वाटत नाही.

मिरची मात्र यात निर्दोष होती. मिरची, धणे, खोबरं सगळं मोठ्या शेडमध्ये उघड्यावर भाजलं-कुटलं जाई. खरी जागा होती ती कोपऱ्यातली दगडफुलाची खोली. दगडफूल म्हणजे खडकावर बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार. वाळलं की कागदाहून हलकं. त्यातली माती, साल, काडी हाताने निवडायची आणि सुपात घोळायचं, नाहीतर मसाला कचकचतो. वाऱ्याची झुळूक आली की निम्मं भिंतीवर जाऊन बसतं, म्हणून मावशीचा नियम होता: खिडक्या लावा, पंखा बंद करा, दार ओढून घ्या. संस्थेची प्रत्येक बाई पाळीपाळीने त्या खोलीत बसायची. खोलीतून बाहेर येणाऱ्या बाईच्या पापण्यांवर बारीक राखाडी भुकटी असायची. मावशी मात्र तीस वर्षं, रोज, तिथेच.

त्या सोमवारी साडेबाराला पाटल्या उतरवल्या जात असतानाच डॉ. रुबीनांचा फोन आला. बातमी चांगली होती. राज्यातली सर्वांत निरोगी शेड म्हणून समईची निवड झाली होती. शुक्रवारी उपसंचालक येणार, सत्कार होणार. शिवाय चाळीस ठिकाणच्या मसालेवाल्या बायका पाहायला येणार, कारण खात्याने ठरवलं होतं की प्रयागामावशींची बंद खोलीची पद्धत पुढे चारशे शेडना शिकवायची. सभामंडपात मोठा पडदा लावून सगळ्यांचे आकडे तिथल्या तिथे दाखवायचे. प्रत्येकीने आपली पाटली घालून बसायचं.

फोन ठेवल्यावर जयमालाने बायकांना सांगितलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही.

अर्ध्या तासाने त्यांना उपाय सुचला. मावशीचा आकडा इतका कमी का? ती खाते काय, याचा शोध लागला. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, सकाळ-संध्याकाळ. चार दिवसांत एकतीस जणींचं रक्त हुलग्याने ताळ्यावर येईल असं कोणालाच वाटत नव्हतं, पण कोणाकडे दुसरं काही नव्हतंही. मंगळवारी दुपारी जयमाला कृती विचारायला मावशीच्या घरी गेली.

मावशीला आनंद झाला. माडग्यात तिचा हात धरणारं कोणी नाही असं तिचं ठाम मत होतं. तिने बसल्या जागेवरून फळीकडे बोट केलं, हुलग्याचं पीठ त्या पितळी डब्यात आहे म्हणाली, आणि लगेच स्वतःच धडपडत उठून डबा घ्यायला निघाली. तोवर जयमालाने झाकण उघडलं होतं. पण ते शेजारच्या डब्याचं. आत बारीक पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. बऱ्याच रिकाम्या, काही भरलेल्या.

"कशाच्या गोळ्या, मावशी?"

"कंबरेच्या."

"कंबरेच्या गोळ्या फळीवर लपवायच्या?"

मावशी चुलीपाशी बसली. बसली तशी तिची छाती भात्यासारखी चालायला लागली, आणि जयमालाला पहिल्यांदाच ते नीट दिसलं. नऊ वर्षांपूर्वी एका कंपाउंडरने दिल्या होत्या, मावशीने सांगितलं. घेतल्या की दोन तासांत छाती मोकळी. थांबवल्या की पहाटे खिडकीचे गज धरून उभं राहावं लागायचं. मग थांबवल्या नाहीत. वर्षभरापूर्वी घागर उचलताना तिचं मनगट मोडलं होतं, तेव्हा सगळ्यांनी वयाला दोष दिला होता. तिचा चेहरा गोल, भरलेला, गालांवर लाली. बायका म्हणायच्या, मावशी कशी तजेलदार दिसते.

"तू कुणाला सांगणार न्हाईस," मावशी म्हणाली. ती विनंती नव्हती. "मी आजारी म्हटल्यावर माझ्या खोलीला कोण मानंल? तीस वरसं मीच पोरींस्नी खिडकी लावायला लावली. घे शपथ."

जयमालाने शपथ घेतली. मग माडग्याची कृती न विचारताच ती परतली आणि बुधवारी सकाळी त्या डब्यातून उचललेली एक रिकामी पट्टी घेऊन बार्शीला डॉ. रुबीनांकडे गेली. गावाकडची एक आत्या ही घेते, म्हणाली.

रुबीनाने पट्टी उलटीपालटी केली. वय चौतिशीचं, आवाज हळू, पण थापा चटकन ओळखणारी. या गोळ्या वाईट नाहीत, ती म्हणाली. योग्य वेळी, योग्य दिवस दिल्या तर जीव वाचवतात. पण त्या गुलाबी पेशींना रक्तातून हुसकून लावतात. आकडा छान दिसतो. नऊ वर्षं स्वतःच्या मनाने घेतल्या तर हाडं आतून पोकळ होतात, चेहरा गोल होतो, आणि एकदम बंद केल्या तर माणूस जाऊ शकतो. आत्याला ताबडतोब घेऊन या. आता महिन्याला एक इंजेक्शन मिळतं, ते या पेशींना बोलावणं धाडणारा निरोपच अडवतं. गोळ्या हळूहळू सोडवता येतील. मग तिने पट्टी खाली ठेवली.

"तुमच्या आत्याचा आकडा किती येत असेल? ऐंशीच्या आसपास?"

जयमालाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग सगळंच बाहेर आलं, मावशीचं नाव सोडून. ते सांगायची गरजही उरली नव्हती.

 समईची फाइल पुरस्काराला रुबीनानेच पाठवली होती. "पाटली कशी घालायची ते मी तुम्हाला शिकवलं," ती म्हणाली. "कोणाची घालायची, ते शिकवायचं राहिलं."

मग तिने श्वासकायद्याचं पुस्तक काढून सतरावं कलम दाखवलं. एक बाई लाल निघाली तर ती आजारी, तिला घरी पाठवायचं. पण शेडमधल्या एक तृतीयांशाहून जास्त बायका एकाच दिवशी लाल निघाल्या, तर आजारी बाई नसते, आजारी जागा असते. मग घरी कोणालाच पाठवता येत नाही. जागा बंद करून खात्याने ती दुरुस्त करायची, हवा खेचणारी यंत्रं बसवायची, सगळ्यांवर उपचार करायचे, आणि तोवर प्रत्येकीला पूर्ण पगार. एकतीस बायकांत हा आकडा अकरा होतो. आणि जी बाई आकडा दाबणाऱ्या गोळ्या घेते, तिची पाटली धरत नाहीत. 'मला दम लागतो' असा तिने चारचौघांत दिलेला शब्दच लाल म्हणून धरतात.

"माझ्या सांगण्यावरून काही होणार नाही," रुबीना म्हणाली. "तुमच्याही नाही. अकरा मनगटं लागतील. दहा आली तर मला त्या दहांना घरी पाठवावं लागेल."

गुरुवारी सुपं बाजूला ठेवून जयमालाने सगळ्यांना हे सांगितलं आणि प्रत्येकीची पाटली प्रत्येकीच्या हातात दिली. मावशी तेव्हा दगडफुलाच्या खोलीत होती, पण दार त्या दिवशी पुरतं ओढलेलं नव्हतं. पाटल्या कमरेच्या पिशव्यांत गेल्या. छबू आणि निर्मला या जावा-जावा एरवी मीठ किती घालायचं यावरूनही भांडायच्या, त्यांनीही आपापली पाटली पिशवीत टाकली. एकीने एवढंच विचारलं की कालिंदाच्या वेळी हे कलम कुठे होतं. जयमाला म्हणाली, तिथेच होतं, पण कालिंदा एकटी होती.

शुक्रवारी मंडप उभा राहिला. चाळीस गावच्या बायका वह्या घेऊन बसल्या. पडद्यावर एकतीस चौकटी होत्या, तीस रिकाम्या. एकीत हिरव्या रंगात ७८. मावशीने तेवढी एकच पाटली घातली होती. उपसंचालकांनी तिला शाल पांघरली, मांडीवर नारळ ठेवला आणि बंद खिडक्यांच्या शास्त्रावर ते पुष्कळ बोलले. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून ऐकायला जास्त जड जात होतं. बाकीच्या पाटल्या थोड्या वेळाने सुरू होतील, असं रुबीना मधूनमधून सांगत होती आणि जयमालाकडे बघत नव्हती.

पहिल्या रांगेत भूमहून आलेली एक किडकिडीत बाई भराभर लिहून घेत होती. 'पंखा बंद', तिने लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. मग पदर तोंडावर धरून खोकली. शेजारणीने काय झालं विचारलं, तर हाताने खूण करून म्हणाली, ठसका.

जयमाला उठली. कमरेच्या पिशवीतली पाटली काढून तिने मनगटावर चढवली. मिनिटभर काही झालं नाही. मग दुसऱ्या चौकटीत लाल आकडा उमटला: २१४०.

उपसंचालक बोलता बोलता थांबले. यंत्र तपासा, असं कोणाला तरी म्हणाले. जयमालाने हात तसाच वर धरून ठेवला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण एकट्याच उभ्या आहोत. कालिंदा अशीच उभी असेल, तिला वाटलं.

मागून पाटलीची कडी लागल्याचा आवाज आला. छबू. १९१०.

"एकोणीसशे?" निर्मला मोठ्याने म्हणाली. "हिचे एकोणीसशे असतील तर माझे बघा मग." तिने पाटली घातली. १९६०. तिने जावेकडे असं बघितलं की काही केल्या कोणाला हसू आवरेना, आणि समईच्या बायका हसल्या. हसता हसता खोकल्या. खोकता खोकता पाटल्या घालत गेल्या. पडद्यावर चौकटी पेटायला लागल्या. १६०० लाल. २३८० लाल, त्या पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग तेच हात वर केले. १२०० पिवळा, ती बाई चक्क हिरमुसली. कोणी कोणाचा हात धरून वर केला, कोणी दुसरीच्या पाटलीची कडी लावून दिली. जयमालाने मोजायचं सोडून दिलं होतं. तीन वर्षं जे हात लपले होते ते सगळे एकदम हवेत होते, आणि तिला आपण इतक्या जणी आहोत हे नव्याने कळत होतं.

मोजत होती ती फक्त रुबीना. सगळ्या चौकटी भरल्यावर ती माइकपाशी आली.  लाल दहा. पिवळे तेरा. बाकी हिरवे. एक कमी.

हात हळूहळू खाली आले.  समईच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पायाशी पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. व्यासपीठाकडे कोणी पाहिलं नाही. तेव्हा जयमालाला कळलं की शपथ तिने एकटीने घेतली असली, तरी माहीत सगळ्यांनाच होतं. चेहरा कशाने गोल झाला ते नसेल माहीत, पण खोलीतून बाहेर येताना मावशी दाराची चौकट धरून किती वेळ उभी राहते ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेवढा वेळ प्रत्येकीने दुसरीकडे बघितलं होतं. जयमालानेही.

प्रयागामावशीने मांडीवरचा नारळ खुर्चीखाली ठेवला. शाल काढून उपसंचालकांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. ती उठली, तेवढ्यानेच तिला थांबावं लागलं, आणि या वेळी ती काही लपवायचं न उरल्यासारखी, सगळ्यांसमोर, पूर्ण दम येईपर्यंत थांबली. जयमाला पुढे धावली. मावशीने हातानेच तिला जागेवर थोपवलं.

"डॉक्टरीणबाई," तिने विचारलं, "गोळी खाणारीचा शब्द धरत्यात म्हनं?"

"धरतात, मावशी," रुबीना म्हणाली. "फक्त शब्दच धरतात."

मावशीने पाटली काढली. पडद्यावरचा हिरवा आकडा विझला. मग ती समईच्या बायकांकडे नाही, पहिल्या रांगेतल्या वहीवाल्या बायकांकडे वळली.

"लिवा, पोरींनो. हे बी लिवा. माझी पद्धत चुकली. मला दम लागतो. नऊ वरसं झाली, मी आजारी हाय, आन् त्या खोलीनं आजारी हाय." तिने श्वास घेतला. "आता तुमी सांगा. तुमच्यात कुणाकुणाला लागतो?"